कोलेस्टेरॉलची गोळी आणि स्नायूंची दुर्बलता

रक्तांत कोलेस्टेरॉल वाढलें, डॉक्टरांनीं गोळी दिली, आणि महिन्याभरांत मांड्या दुखूं लागल्या, जिना चढवेना. अशा वेळीं गोळीलाच दोष देण्याकडे मनाचा कल होतो. तो कितपत योग्य आहे, याचा आज विचार करूं.

'स्टॅटिन' या औषधांचें मूळ बुरशींत आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनीं हजारों नमुन्यांची छाननी करून १९७३ सालीं पहिलें स्टॅटिन शोधून काढलें. यकृतांत कोलेस्टेरॉल बनविणाऱ्या एका एन्झाइमला तें अडवितें. मग यकृत रक्तांतील कोलेस्टेरॉल अधिक ओढून घेतें, आणि हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका कमी होतो.

या औषधानें स्नायूंना इजा होऊं शकते, हें खरें. सेरिवास्टॅटिन नांवाचें औषध याच कारणास्तव २००१ सालीं बाजारांतून काढून घ्यावें लागलें. मात्र असा घातक ऱ्हास अत्यंत विरळा होय. त्रासामुळें स्टॅटिन सोडलेल्या ६० रुग्णांवर लंडन येथें एक प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाले. त्यांना आळीपाळीनें कांहीं महिने खरी गोळी, कांहीं महिने औषधहीन गोळी दिली; कांहीं महिने कांहींच दिलें नाहीं. खऱ्या गोळीनें जो त्रास झाला, त्याचा सुमारें नऊदशांश औषधहीन गोळीनेंही झाला! दुखणें खोटें नव्हतें. पण त्याचें कारण बहुतांशीं औषधांत नव्हतें.

मग इतर कारणें कोणतीं? थायरॉइड ग्रंथि मंदावली म्हणजे कोलेस्टेरॉलही वाढतें आणि स्नायूही दुर्बल होतात; मूळ दोष एकच, आळ मात्र गोळीवर! 'ड' जीवनसत्त्वाची उणीव, मद्यपान, संवयीबाहेरचा व्यायाम व वार्धक्य हींही कारणें आहेत. शिवाय क्लॅरिथ्रोमायसिनसारखीं कांहीं औषधें जोडीला आल्यास कित्येक स्टॅटिनांचें रक्तांतील प्रमाण फार वाढतें; म्हणून घेत असलेलीं सर्व औषधें डॉक्टरांना सांगावीं.

तात्पर्य, साधें दुखूं लागल्यास गोळी परस्पर सोडूं नये. रक्ताच्या तपासणीनें स्नायूंची इजा व थायरॉइडची स्थिति कळते; मात्रा कमी करतां येते, स्टॅटिनचा प्रकार बदलतां येतो. परंतु अतिशय अशक्तपणा येऊन लघवी चहासारखी काळपट झाल्यास गोळी थांबवून तत्काळ रुग्णालय गांठावें. तेथें विलंब नको.