उरलेल्या टर्कीचा पॉट पाय

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, घरोघरी अख्खी टर्की भाजतात. पक्षी सहसा मोठा, त्यामुळे जेवणं आटोपली तरी मांस उरतंच. त्याचं चीज करायचं तर पॉट पाय करावा. खाली दाट रश्श्यातलं मांस आणि भाज्या, वर मैदा-लोण्याचं खुसखुशीत आवरण.

सगळी मदार रश्श्यावर. लोण्यावर कांदा, गाजर, सेलरी मऊ होऊ द्यावी. त्यावर मैदा भुरभुरून कच्चा वास जाईपर्यंत परतावा. मग टर्कीची हाडं उकळून गाळलेलं पाणी आणि दूध थोडं थोडं घालत ढवळावं. एकदम ओतलं की गुठळ्या झाल्याच. पळीच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली पाहिजे. रस्सा पातळ राहिला तर आवरण खालून भिजून त्याचा लगदा होतो. मटार आणि मांसाचे तुकडे अगदी शेवटी घालावेत. मांस आधीच शिजलेलं असतं. पुन्हा रटरटवलं तर त्याचा चोथा होतो.

सारण निवल्यावरच वर लाटलेली पोळी पसरावी. गरम सारणावर तिच्यातलं लोणी ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं आणि पदर सुटत नाहीत. वाफ जायला सुरीनं चिरा पाडून २०० अंश सेल्सिअसला ३०-४० मिनिटं, सोनेरी रंग येईपर्यंत भाजावं. भाजलेली कोंबडी उरली असेल तर तिलाही हीच कृती चालते.

मात्र उरलेलं मांस २ तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि ३-४ दिवसांत संपवा. त्यापुढे मोह नको, सरळ टाकून द्या.