वृक्कधमनीचा संकोच आणि उच्च रक्तदाब

उच्च रक्तदाबाचा रुग्ण आला की सर्पगंधा आपल्या लेखणीतून सहज उतरते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये तिच्यावरील अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडून तिला जगन्मान्यता मिळवून दिली. परंतु सर्पगंधेने रक्तदाब उतरतो. अरुंद झालेली वृक्कधमनी मोकळी होत नाही.

या विकाराची संप्राप्ती लक्षात घेण्याजोगी आहे. धमनी अरुंद झाली की वृक्कास रक्त कमी पोहोचते. शरीरातील रक्तच उणे झाले असे समजून वृक्क रेनिन स्रवतो. त्यातून निर्माण होणाऱ्या अँजिओटेन्सिनमुळे सर्व शरीरातील धमन्या आकुंचित होतात आणि मीठ व पाणी साठते. वृक्कधमनीस चिमटा लावल्यास श्वानांचा रक्तदाब वाढतो, हे गोल्डब्लाट यांनी 1934 मध्येच दाखविले होते.

उतारवयात, विशेषतः धूम्रपानी व मधुमेही रुग्णांत, धमनीच्या भित्तीत मेदसंचय होतो. आपल्या देशातील तरुण स्त्रियांत मात्र टाकायासू धमनीशोथाचा विचार प्रथम करावा. तिशीच्या आतील उच्च रक्तदाब, तीन औषधांनाही न जुमानणारा रक्तदाब, दोन्ही हातांच्या मापनातील मोठा फरक ही सूचक चिन्हे होत. नाभीच्या वर स्टेथोस्कोप ठेवल्यास कधी फूत्कारासारखा ध्वनी ऐकू येतो. प्रस्तुत लेखकही कित्येक वर्षे तेथे स्टेथोस्कोप ठेवीत नसे.

औषधविक्रेत्या बंधूंनी पुढील बाब विशेष ध्यानी घ्यावी. दोन्ही वृक्कधमन्या अरुंद असल्यास वृक्कातील गाळणक्रिया अँजिओटेन्सिनच्या आधारावरच चालते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधे नेमका तोच आधार काढून घेतात. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी आणि नंतर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन तपासावे. 30 टक्क्यांहून अधिक वाढल्यास तज्ज्ञांचा सल्ला तातडीने घ्यावा. आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघताना जुन्या चिठ्ठीवर हंगामभराच्या गोळ्या मागतात. पुढे उन्हातील श्रम, अपुरे पाणी आणि अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, असा योग जुळला तर वृक्क बंद पडण्यास वेळ लागत नाही.

यष्टीमधूचेही तसेच. अम्लपित्तावर मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिल्यास मीठ-पाणी साठून रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. अशा रुग्णास ते टाळावे.

निदान डॉपलर सोनोग्राफीने सुरू होते. मेदसंचयजन्य संकोचात बहुतेकांना औषधोपचाराहून स्टेंट सरस ठरत नाही, असे 2014 च्या कोरल अभ्यासात आढळले. तरुण रुग्णांत मात्र फुग्याने धमनी रुंद करण्याचा लाभ होऊ शकतो. टाकायासूमध्ये शोथ शमल्यानंतरच. अशा रुग्णास चूर्ण-काढ्यावर न रोखता अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे, आणि चिठ्ठीत आपण दिलेली सर्व औषधे नमूद करावीत.