वर्गाबाहेरचा वर्ग – लेखांक ६ : खोडदला जाण्याआधी

सहलीचं पत्रक निघालं की पालक आधी खर्चाचं विचारतात, मग जेवणाचं. तिथे जाऊन मुलांनी काय शोधायचं, हा विषय बहुधा गाडी मुक्कामाला पोचल्यावर निघतो. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे, नळदुर्ग ते अलिबाग. तोही बऱ्याच शाळांत बाकावर बसूनच पुरा होतो, हा भाग वेगळा.

या आठवड्यात एकच ठिकाण घेऊ : जुन्नर तालुक्यातलं खोडद. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावहून जवळ. इथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांतल्या १४ मधोमध, साधारण एक चौरस किलोमीटरात; उरलेल्या १६ वाय आकाराच्या तीन बाहूंवर पसरलेल्या, इतक्या की टोकांमधलं अंतर २५ किलोमीटरच्या आसपास जातं. हे आकडे मुलं वहीत उतरवतात आणि परतीच्या वाटेवर विसरतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी विचारलेलं असं त्यात काही नसतं.

म्हणून आदल्या आठवड्यात गणिताचा एक तास मागून घ्यावा. प्रत्येकाला एक कोरा कागद. खालच्या कडेपासून तीन-चार बोटं वर, मध्यावर एक ठिपका. आता खालच्या कडेवरचा कुठलाही बिंदू त्या ठिपक्यावर टेकवायचा आणि घडी दाबायची. कागद उघडायचा, शेजारचा बिंदू घ्यायचा, पुन्हा घडी. वीस-पंचवीस घड्या झाल्या की कोणीही न काढलेली एक वक्ररेषा कागदावर उमटते. तो अन्वस्त, आणि ठिपका ही त्याची नाभी. समोरून सरळ आलेले किरण अशा आकारावर आपटून नेमके तिथे जमतात. हा कागद खिशात ठेवून खोडदला गेलेलं मूल अँटेनाच्या तबकडीवरचे चार खांब पाहतं आणि ते कुठल्या ठिकाणी काय धरून ठेवत असतील, ते स्वतःच सांगतं.

मग नजर तबकडीवर जाते. ती भरीव नाही, बारीक तारेची जाळी आहे. आरपार आभाळ दिसतं. मग लाटा निसटून जात नाहीत का? हा प्रश्न मुलांकडून यायला हवा, शिक्षकांनी घाई करू नये. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, त्याला ही भोकं म्हणजे उघडं दारच. हायड्रोजनकडून येणाऱ्या रेडिओ लहरीची तरंगलांबी मात्र २१ सेंटिमीटर, आणि जाळीची भोकं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची. तिच्या लेखी ही भिंतच. शिवाय जाळीतून वारा निघून जातो, म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी. ही दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली ही काटकसर मला त्या तीसच्या आकड्याहून मोठी वाटते.

जायचंच तर २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनाला जावं. तेव्हा परिसरातल्या शाळा आपापले प्रयोग घेऊन येतात. शक्य असेल तर आपल्या शाळेचंही एक टेबल मांडावं, अनोळखी माणसाने "हे असं का?" म्हणून विचारलं की पाठांतर कामाला येत नाही. नववीतल्या मुलाला एवढी चांगली तोंडी परीक्षा दुसरीकडे मिळणं अवघड.

शाळेत बोलावलेल्या पाहुण्यांनाही हाच नियम : प्रश्न आधी मुलांचे. हार, परिचय, चाळीस मिनिटांचं भाषण आणि आभार या क्रमात मुलांच्या वाट्याला फक्त टाळ्या येतात. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत. सही उत्तराखाली मिळे. पाहुणे येण्याच्या आठवडाभर आधी मुलांच्या चिठ्ठ्या गोळा करून त्यांना पाठवल्या, तर भाषणाची गरजही उरणार नाही. आणि पाहुणा शास्त्रज्ञच हवा असं नाही. ४५ मीटरची तबकडी वाऱ्यात सांभाळणारा तंत्रज्ञ मिळाला, तर त्याला आधी बोलवा.

पुढच्या लेखांकात : सहलीनंतरचा निबंध, आणि त्याऐवजी काय.