बिल अर्ध्यावर, खातेवही शेजारी: फॉक्सप्रोच्या विंडोंविषयीचे गैरसमज

बिलाची एंट्री अर्ध्यावर आहे आणि समोरचं गिऱ्हाईक विचारतं, ‘‘माझी मागची बाकी किती?’’ खातेवहीची विंडो शेजारी उघडायची, बाकी सांगायची आणि पुन्हा बिलाकडे वळायचं, इतकं सोपं हे असायला हवं. अनेक जुन्या प्रोग्रॅममध्ये मात्र आधी बिल रद्द करावं लागतं, कारण उघडलेली विंडो बंद होईपर्यंत दुसरीकडे क्लिकच होत नाही. अशा अडवून धरणाऱ्या विंडोला मोडल म्हणतात. उघडी राहूनही बाकीच्या वाटा मोकळ्या ठेवते ती मोडलेस.

‘फॉक्सप्रोला मोडलेस जमतच नाही,’ हा सर्वांत जुना गैरसमज. नव्वदच्या दशकात क्लासमध्ये ‘ॲट-से-गेट’ गिरवलेल्यांच्या मनात तो रुजला, आणि त्याला कारण होतं. तेव्हा प्रोग्रॅम ‘रीड’ या आज्ञेवर येऊन थांबायचा आणि एंट्री संपल्यावरच पुढे सरकायचा. १९९५ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रो ३ आलं तेव्हा हे चित्र पालटलं. त्यात फॉर्मची ‘विंडोटाइप’ ही प्रॉपर्टी मुळातच ० असते, म्हणजे मोडलेस. ती १ करून मोडल आपण करतो. अडवणूक भाषेतून आलेली नाही, सवयीतून आलेली आहे.

‘पण विंडो क्षणभर चमकते आणि गायब होते, हा बगच आहे ना?’ नाही. याची कारणं दोन, आणि दोन्ही आपल्या कोडमध्ये सापडतात. ‘क्रिएट ऑब्जेक्ट’ने बनवलेला फॉर्म लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवला, तर प्रोसीजर संपताच ते व्हेरिएबल जातं आणि त्याच्यासोबत फॉर्मही जातो. फॉर्मचा संदर्भ जास्त काळ टिकणाऱ्या जागी ठेवावा, म्हणजे मुख्य फॉर्मच्या किंवा ॲप्लिकेशन ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीत. दुसरं कारण ‘रीड इव्हेंट्स’चं. कमांड विंडोतून चालवताना फॉक्सप्रो स्वतःच क्लिकची वाट पाहत बसलेलं असतं, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत दिसतं. ईएक्सई केली की मुख्य प्रोग्रॅम शेवटच्या ओळीला पोचतो आणि सगळंच आटोपतं. तो तिथे थांबावा म्हणून ‘रीड इव्हेंट्स’ लिहायचं असतं.

मोडलेस विंडो वापरणाऱ्याला खरी सवय बदलावी लागते ती ‘पुढची ओळ’ या कल्पनेची. मोडल फॉर्म उघडला की पुढची ओळ त्याच्या उत्तराची वाट पाहते. मोडलेस उघडला की ती लगेच चालते, तेव्हा गिऱ्हाईक अजून निवडलेलंही नसतं. म्हणूनच ‘डू फॉर्म … टू’ने उत्तर परत घ्यायचं, तर फॉर्म मोडलच लागतो. मोडलेसमध्ये उलटी रीत धरावी: बिलाच्या फॉर्मने स्वतःचा संदर्भ खातेवहीच्या फॉर्मला द्यावा आणि निवड झाली की खातेवहीने बिलाची मेथड बोलवावी.

सर्वांत जास्त मनस्ताप देणारा गैरसमज डेटाचा आहे. दोन विंडो वेगळ्या, म्हणजे त्यांचा डेटाही वेगळा, असं वाटतं. प्रत्यक्षात ‘डेटासेशन’ प्रॉपर्टी १ असेल तर दोन्ही विंडो एकाच सेशनमधली तीच कार्यक्षेत्रं वापरतात. खातेवहीत पुढच्या नावावर गेलं, की बिलाच्या विंडोखालचाही रेकॉर्ड सरकतो आणि बिल भलत्याच्या नावावर जाऊ शकतं. उपाय म्हणून ही प्रॉपर्टी २ करतात, तेव्हा त्या फॉर्मला स्वतःचं खासगी सेशन मिळतं. पण खासगी सेशन आधीचे ‘सेट’ सोबत आणत नाही, ते मूळ स्थितीपासून सुरू होतात. ‘सेट डिलीटेड’ बंद होतं आणि खोडलेल्या नोंदी पुन्हा दिसू लागतात. ‘सेट डेट’ अमेरिकन होतं आणि ५ एप्रिल ०४/०५ असा उमटतो, जो आपण ४ मे वाचतो. डेटा बिघडला म्हणून रात्र-रात्र टेबल तपासणारी माणसं मी पाहिली आहेत. डेटा शाबूत असतो. असे ‘सेट’ एका मेथडमध्ये एकत्र ठेवावेत आणि प्रत्येक खासगी सेशनच्या फॉर्मच्या ‘लोड’मध्ये ती बोलवावी.

चार विंडो उघड्या दिसतात म्हणून चार कामं एकाच वेळी चालतात, असंही नाही. फॉक्सप्रोचा कोड एकाच धाग्यावर चालतो. एका विंडोत लाखभर नोंदींचा ‘स्कॅन’ लागला, की बाकीच्या तीनही गोठतात. मध्येमध्ये ‘डू इव्हेंट्स’ घातलं तर क्लिक पोचतात, पण मग तेच बटण दुसऱ्यांदा दाबलं जाण्याची शक्यता असते. ते आधी निष्क्रिय करून ठेवावं.

मोडल म्हणजे मागासलेलं, हेही मला पटत नाही. ‘ही पावती रद्द करायची का?’ या प्रश्नाने वाट अडवलीच पाहिजे.

आणि बंद करताना येणारा ‘कॅनॉट क्विट व्हिज्युअल फॉक्सप्रो’ हा संदेश. प्रोग्रॅम अजून ‘रीड इव्हेंट्स’वर थांबलेला असतो, इतकाच त्याचा अर्थ. ‘ऑन शटडाउन’मध्ये ‘क्लिअर इव्हेंट्स’ दिलं की तो सुटतो. मात्र त्याआधी उघडा असलेला प्रत्येक फॉर्म तपासून घ्यावा. त्यांपैकी एकात ते अर्धं बिल अजून सेव्ह व्हायचं राहिलेलं असतं.