हातपाय चालतात तोवरच हा प्रश्न विचारा

दिवाळी सरली की आपल्या परभणी-बीडकडील गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. कर्ती माणसे पाच-सहा महिने परमुलखात राहतात आणि गावात मागे उरतात नातवंडे व म्हातारी माणसे. जी हिंडतीफिरती आहेत ती कशीबशी चूल सांभाळतात. परंतु ज्यांचे गुडघे, डोळे किंवा स्मरणशक्ती थकली आहे, त्यांनी काय करावे? मानवतमध्ये वैद्यकीय व्यवसाय करताना हा प्रश्न दर हिवाळ्यात माझ्यापुढे येतो. “डॉक्टरसाहेब, आईला ठेवता येईल अशी एखादी जागा आहे का? पैसे मात्र फार नाहीत,” असे विचारताना मुलाची मान खाली गेलेली असते.

वाचकहो, यात मान खाली घालण्याजोगे काही नाही. पोटासाठी दूर जाणारा मुलगा आणि आईला टाकून देणारा मुलगा यांत अंतर आहे. निराधारांना सांभाळणाऱ्या संस्था आपल्याकडे नव्याही नाहीत. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६०च्या दशकात उभे राहिलेले गृह आज ‘निवारा’ या नावाने ज्येष्ठांना आसरा देत आहे. बाबा आमटे यांच्या आनंदवनात ज्येष्ठांसाठी ‘उत्तरायण’ आहे. १९९५ साली राज्य शासनाने स्वयंसेवी संस्थांच्या हाती ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना सोपविली. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या वृद्धाश्रमांत साधारणतः ६० वर्षांवरील निराधार पुरुष व ५५ वर्षांवरील निराधार स्त्रिया यांना प्रवेश मिळतो. आपल्या जिल्ह्यातील अशा संस्थांची माहिती परभणीच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावी.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न

संस्था पाहावयास गेल्यावर आपण खोली, जेवण, देवघर पाहतो. एक प्रश्न मात्र संकोचाने राहून जातो : “आमचे माणूस अंथरुणाला खिळले, तर पुढे काय?”

अनेक वृद्धाश्रमांचा नियम असा असतो की, स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश द्यावयाचा. त्यामागे निर्दयता नसते. खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. अन्यथा माकडहाड, खुबा व टाचा येथे जखमा होतात. भरवणे, स्वच्छता, रात्रीचे जागरण हे सारे माणसांच्या बळावर होते आणि देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेकडे तीच माणसे अपुरी असतात. परिणामी, सेवेची गरज सर्वाधिक असते नेमक्या त्या वेळी ज्येष्ठाला परत न्या, असा निरोप येतो. पैसेवाल्या घरी तेव्हा परिचारिका नेमली जाते. गरिबाच्या घराला मात्र कित्येकदा कुलूप असते.

म्हणून हा प्रश्न हातपाय चालतात तोवरच विचारावा आणि त्याचे उत्तर प्रवेशाच्या कागदावर लिहून घ्यावे. त्यासोबत आणखी काही गोष्टी पाहाव्यात. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे काय? रात्री जागे राहणारे माणूस आहे काय? संडासात कमोड व धरावयाचा दांडा आहे काय? आजार बळावल्यास कोणत्या रुग्णालयात नेतात व सोबत कोण थांबते? प्रवेशाच्या बदल्यात घर वा शेत लिहून मागणाऱ्या ठिकाणी पाऊल ठेवू नये.

नेण्यापूर्वी तपासणी

“आता म्हातारपणच आले,” असे म्हणून आपण पुष्कळ बरे होणारे आजार सोडून देतो. चालणे थांबले त्यामागे मोतीबिंदू, रक्तक्षय किंवा ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. एकाएकी बरळणे सुरू झाले तर ते वेड नसून लघवीतील वा छातीतील जंतुसंसर्ग असू शकतो. अशा कारणांवर उपचार झाले, तर काही ज्येष्ठांना घर सोडण्याची गरजच उरत नाही. शासकीय रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २०२४च्या ऑक्टोबरपासून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. ते कार्ड आधी काढून घ्यावे.

प्रवेश ठरलाच, तर औषधांची यादी, रक्तदाब व साखरेची नोंद, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, काठी हे सारे सोबत द्यावे. पहिले काही आठवडे भूक मंदावते, झोप उडते. त्या काळात फोन व भेट चुकवू नये. आणि ज्येष्ठांची संमती प्रामाणिकपणे विचारावी. “चार दिवसांसाठी चला” असे खोटे सांगून नेलेले माणूस तेथे मनाने कधीच रुजत नाही.

घरी राहूनच आधार

अल्प उत्पन्नाच्या ६५ वर्षांवरील व्यक्तींना श्रावणबाळ योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करावा व दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा. बँकेचे पुस्तक मात्र ज्येष्ठांच्याच हाती असावे. केरळने २००८ साली परिहार सेवेचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना व त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, धोरण आखले. तेथे गावोगावचे स्वयंसेवक व परिचारिका खिळलेल्या रुग्णांच्या घरी जातात. एवढी व्यवस्था आपल्याकडे नसली, तरी टोळीवर निघण्यापूर्वी शेजारच्या एका घराशी डब्याचे ठरविणे, आशाताईंना कल्पना देणे आणि डॉक्टरांचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिणे, एवढे आपणांस निश्चित करता येईल.

कायदा आपल्या बाजूस आहे

२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार मुलांकडून, तसेच अपत्य नसल्यास वारस ठरणाऱ्या नातलगांकडून, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे द्यावयाचा असतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळविता येते. म्हणून ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. ज्येष्ठाला टाकून देणे हा गुन्हा आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा, अशी तरतूदही याच कायद्यात आहे. ती आपल्या जिल्ह्यात कितपत पाळली जाते, हे लोकप्रतिनिधींना विचारण्याचा अधिकार आपणांस आहे. मार्गदर्शनासाठी वा बेवारस ज्येष्ठ आढळल्यास १४५६७ या विनामूल्य क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत फोन करावा.

ज्येष्ठ वाचकहो, हा विषय मुलांनी काढावा म्हणून थांबू नका. आपण कोठे व कोणाजवळ राहू इच्छितो आणि अंथरूण धरल्यास काय करावे, हे धडधाकट असतानाच मुलांना, सुनांना, लेकींना सांगून ठेवा. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या सुनेच्या मनावरचे निम्मे ओझे त्या एका बोलण्याने हलके होते.