डिस्कची ओळख

सकाळी ९. देखभालीसाठी रात्री बंद करून सुरू केलेलं एक व्हर्च्युअल मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकलंय. डेटाची डिस्क माउंट होत नाही. लोकांची कामं खोळंबलीत, म्हणून आधी हाताने माउंट करून डेटाबेस उभा करते. कारण नंतर.

१०. मशीनची एक्सएमएल उघडली. मागे मशीन चालू असतानाच लॉगसाठी एक कोरी डिस्क जोडली गेली होती. पीसीआय स्लॉट ५ मोकळा होता, लिबव्हर्टने तो तिला दिला. डेटाची डिस्क स्लॉट ७ वर. तेव्हा डेटाची डिस्क ‘व्हीडीबी’ होती, म्हणून नव्या डिस्कला ‘व्हीडीसी’ नाव मिळालं. रीस्टार्टनंतर लिनक्सला ती आधी सापडली आणि ‘व्हीडीबी’ तीच झाली. माउंटची यादी असलेल्या एफस्टॅबमध्ये लिहिलेलं ‘व्हीडीबी’च! एक्सएमएलमधलं टार्गेटचं नाव गेस्टवर, म्हणजे मशीनच्या आतल्या लिनक्सवर, बंधनकारक नसतं, हे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

११. “मॅडम, स्लॉट अदलाबदल करू की,” नवा सहकारी म्हणतो. आजचं भागेल. पण स्लॉटचा पत्ता फक्त जागा सांगतो, तिथे कोण आहे ते नाही. त्यापेक्षा प्रत्येक डिस्कला सीरियल नंबर द्यायचा. खरी डिस्क कारखान्यातून नंबर घेऊनच येते. व्हर्टिओ डिस्कला आपण दिला नाही तर तो नसतोच.

त्याने दोन नंबर लिहिले: आधी प्रकल्प, मग विभाग, शेवटी ‘डेटा’ किंवा ‘लॉग’. व्हर्टिओ-ब्लॉकमध्ये गेस्टपर्यंत पहिले २० बाइटच पोचतात. फरक त्यांच्या पुढे होता, म्हणजे गेस्टला दोन्ही डिस्क एकच वाटल्या असत्या. वेगळेपण सुरुवातीला घ्यायला लावलं.

दुपारी १. डबा.

२. यूयूआयडी का नको, यावर बरंच बोलणं झालं. तो फाइल सिस्टिमवर असतो: कोऱ्या डिस्कला नाही, आणि क्लोन केली की प्रतीतही तोच. एक्सएफएस तर पहिली माउंट असताना तोच यूयूआयडी असलेली दुसरी डिस्क एरवी माउंटच करत नाही. सीरियल आपल्या एक्सएमएलमधून येतो, डिस्क कोरी असली तरी दिसतो. एफस्टॅबमध्ये सीरियलवरून बनलेला ‘बाय-आयडी’खालचा मार्ग लिहिला.

४. चाचणी मशीनवर स्लॉट मुद्दाम उलटे केले. व्हीडीबी-व्हीडीसी बदलली, डेटा मात्र बरोबर जागी माउंट झाला.

संध्याकाळी ७. वापर थांबल्यावर खरं मशीन. आतून रीबूट करून भागत नाही, कारण क्यूईएमयूची जुनी प्रक्रियाच चालू राहते. पूर्ण बंद करून होस्टवरून सुरू केलं. दोन्ही नंबर दिसले. उद्यापासून बाकीची मशीनं.