मोजणी सेवेच्या शेवटच्या दिवसापासून

मुंबई, पुणे, नागपूरच्या मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडून अमेरिकेत रेसिडेन्सी करणारे अनेक डॉक्टर जे-१ व्हिसावर जातात. त्यासाठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं आणि सोबत एक अट येते: प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं. या अटीतून सुटण्याची रुळलेली वाट म्हणजे ‘कॉनरॅड ३०’. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावाने ही योजना १९९४ पासून चालत आली आहे. आज तिच्यात प्रत्येक राज्याला वर्षाला ३० डॉक्टरांची शिफारस करता येते. मोबदल्यात डॉक्टरने सूट मिळाल्यापासून ९० दिवसांत डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात रुजू व्हायचं आणि एच-१बी व्हिसावर, आठवड्याला किमान ४० तास, तीन वर्षं काम करायचं. याच वयात लग्नंही होतात, काहींची अमेरिकी नागरिकाशी. मग जोडीदाराने ग्रीन कार्डासाठी पिटिशन कधी भरायची, हा प्रश्न उभा राहतो. लग्नाच्या तारखेपासून पुढे मोजावं, असं सहज वाटतं. माझ्या मते मोजणी उलटी हवी, सेवेच्या शेवटच्या दिवसापासून मागे.

याचं कारण कागदांतच आहे. आय-१३० ही जोडीदाराची पिटिशन. हे लग्न खरं आहे, एवढंच ती सांगते. आय-४८५ हा डॉक्टरचा स्वतःचा, कायम वास्तव्याचा अर्ज. नागरिकाच्या जोडीदाराला कोट्याची रांग नसल्यामुळे एरवी दोन्ही कागद एकाच पाकिटातून जातात आणि म्हणून ते एकच वाटतात. कॉनरॅडची अट मात्र फक्त दुसऱ्याला अडवते. तीन वर्षं पुरी होण्याआधी लग्नाच्या आधारावर आय-४८५ भरला, तर नामंजुरीची तयारी ठेवावी लागते; करार मध्येच सोडला तर दोन वर्षांची जुनी अट पुन्हा मानेवर बसते. आय-१३० सेवा चालू असतानाही भरता येते आणि मंजूरही होते. एच-१बी व्हिसाला अमेरिकेत स्थायिक होण्याचा इरादा चालतो, त्यामुळे त्या व्हिसाला तिचा धोका नाही. जे-१ला तो इरादा चालत नाही. रेसिडेन्सीत असतानाच पिटिशन भरली आणि नंतर सुट्टीत घरी येऊन व्हिसाचा शिक्का घ्यायची वेळ आली, तर खिडकीवरच्या प्रश्नाला उत्तर देणं अवघड जातं. म्हणून एच-१बी लागू होणं ही अलीकडची हद्द आणि सेवेचा शेवटचा दिवस ही पलीकडची.

तो शेवटचा दिवस ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. एच-१बीची मंजुरी एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, सेवाही तीनच वर्षांची. पण राज्याचं लायसन्स किंवा हॉस्पिटलचं क्रेडेन्शियलिंग लांबलं, तर डॉक्टर व्हिसा सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी रुजू होतो. मग व्हिसा आधी संपतो, सेवा नंतर. मंजुरीच्या कागदावरची अखेरची तारीख पाहून आय-४८५ भरणारा अशा वेळी घाई करतो आणि एच-१बीची मुदतवाढ न मागणारा अडकतो. मोजायचा तो प्रत्यक्ष कामाचा पहिला दिवस. त्याचा पुरावा म्हणजे पगाराच्या स्लिपा, दर वर्षीचे डब्ल्यू-२ आणि शेवटी रुजू तारखेसह हॉस्पिटलचं पत्र.

यावर पहिला आक्षेप असा की नागरिकाशी लग्न झाल्यावर थांबायचं कशाला? रीतसर प्रवेश केलेल्या जोडीदाराला व्हिसाची मुदत उलटून राहिल्याचाही दोष माफ होतो, हे खरं. पण ही अट त्या माफीत बसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नागरिक जोडीदाराला असाधारण हाल सोसावे लागतील असं दाखवलं, तर तीन वर्षांच्या बंधनाशिवायही सूट मिळते. मिळते, पण जोडीदार डॉक्टरबरोबर परदेशी गेला तरी आणि अमेरिकेत मागे राहिला तरी, दोन्ही बाजूंनी हाल सिद्ध करावे लागतात. नुसता विरह पुरत नाही. गंभीर आजारासारखं कारण असेल तर ती वाट जरूर धरावी. नसेल तर तिच्या भरवशावर कॉनरॅडची जागा सोडणं धोक्याचं. तिसरा आक्षेप हॉस्पिटलच्या पकडीचा. ग्रीन कार्ड नसल्याने डॉक्टर मालकाच्या मर्जीवर राहतो, हे नाकारता येत नाही. मात्र हॉस्पिटल बंद पडलं किंवा तशीच गंभीर कारणं असली, तर उरलेली सेवा तुटवड्याच्याच दुसऱ्या भागात पुरी करण्याची सोय आहे. पकड त्या सोयीने सैल होते, घाईने भरलेल्या आय-४८५ने नव्हे.

शिवाय थांबण्यात फायदाही आहे. ग्रीन कार्ड मिळण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड दोन वर्षांचं आणि सशर्त मिळतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत लग्न पुन्हा सिद्ध करावं लागतं. सेवेच्या पहिल्या वर्षात लग्न झालेल्यांना तीन वर्षं थांबल्यावर हा फेरा चुकतो. त्यांनी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आय-१३० भरावी. तोवर एकत्र भरलेले टॅक्स रिटर्न आणि दोघांच्या नावाचा भाडेकरार जमलेला असतो, आणि आय-४८५च्या वेळी लग्नाचा प्रश्न बहुधा निकालात निघालेला असतो. शेवटच्या वर्षात लग्न झालं, तर दोन्ही कागद सेवा संपल्यावर एकत्रच भरावेत. अपवाद एकच: जोडीदार नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल तर रांग असते आणि रांगेतला क्रमांक पिटिशन पोहोचल्याच्या तारखेने ठरतो. तिथे एच-१बी लागू झाल्यावर एक दिवसही दवडू नये. नोकरीच्या आधारावरच्या रांगेत भारतात जन्मलेल्यांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं, त्यामुळे हा क्रमांक हाती असणं मोलाचं. आय-४८५ मात्र इथेही सेवा पुरी झाल्यावरच.